दोनशे चाळीस रडणी

घरात तिला सगळे सीसीटीव्ही म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं आणि ताईने ते उचलून धरलं. कारणही तसंच होतं. दाराची कडी लावली की ती एकदा ओढून पाहायची, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत येऊन पुन्हा ओढायची. दुधाचा थेंब आधी या मनगटावर टाकायची, मग त्या. मुलगी गाढ झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून उभी राहायची. "अगं, श्वास घेतेय ती," नवरा म्हणायचा. "तू बोट काढलंस तर जास्त चांगला घेईल."

दोघी बहिणींत ती धाकटी. माहेरी हाकही तीच, आणि स्वतः आई झाल्यावरही ती सुटली नाही. तिची लेक चौदा महिन्यांची. फरशीवरचा डोळ्यांना न दिसणारा कणही चिमटीत पकडून तोंडात टाकायची, म्हणून ती मुंगी.

मुंगीच्या वेळी धाकटीची पदवी शेवटच्या वर्षावर अडकली. संगणक आणि माध्यम अशी दोन्ही मिळून एक पदवी होती ती. अर्धे विषय प्रोग्रॅम लिहिण्याचे, अर्धे आवाजाचे आणि चित्राचे. नातेवाइकांना ती कधीच नीट समजली नाही. "म्हणजे तू कॉम्प्युटर दुरुस्त करणार की टीव्हीवर बातम्या सांगणार?" एका काकांनी विचारलं होतं. "दोन्ही," ती म्हणाली. "सांगता सांगता टीव्ही बंद पडला तर दुरुस्त करणार." काका म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

चिंध्या असोत की आणखी काही, नियम सरळ होता. सोडलेलं वर्ष दोन वर्षांच्या आत पुरं करायचं, नाहीतर मागची सगळी वर्षं पाण्यात. आणि धाकटीचा पाय घरातून निघत नव्हता. ती एकदा एक पाळणाघर बघून आली होती. अकरा मुलं, दोन बायका आणि मुलांच्या हाताला येईल असं एक उघडं सॉकेट. घरी येऊन तिने जाहीर केलं की या घरात पाळणाघर हा शब्दसुद्धा नको.

तेव्हा ताई म्हणाली होती, "तू जा गं. मी आहे ना."

एवढी दोनच वाक्यं. पण ज्या बाईने आपल्याला लहानपणी वेणी घालून शाळेत सोडलं, आपण आठवीत असताना स्वतःचं शिक्षण बारावीवर थांबवून घर सांभाळलं, तिच्या तोंडून ती आली की मग दुसरा कागद लागत नाही. ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, नऊ ते पाच. ताईला घराची किल्ली दिली. त्या दिवसापासून जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत येणं बंद झालं. कडी आतून ताई लावायची, आणि ताईने लावलेली कडी ओढून पाहायची नसते.

शेवटच्या वर्षाला एक मोठा प्रकल्प असतो. धाकटीला तिचा विषय लसीच्या रांगेत सापडला. पुढे एक बाई बसली होती, मांडीवर दोनेक महिन्यांचं बाळ. बाईला ऐकू येत नव्हतं. एक तळहात तिने बाळाच्या छातीवर ठेवला होता आणि तो पूर्ण वेळ उचलला नाही. फॉर्मसुद्धा डाव्या हाताने भरला. धाकटी घरी येईपर्यंत त्या तळहाताचाच विचार करत होती. बाळ रडलं की आईच्या फोनवर रंग उमटला तर? भुकेचं रडणं लाल, झोपेचं निळं, काही टोचतंय-बोचतंय तर पिवळं, आणि रंगाबरोबर एक हलतं चित्र. रडणं ओळखायचं काम संगणकाचं, चित्राचं काम माध्यमाचं. काकांच्या दोन्ही चिंध्या एका टाक्यात.

पण यंत्राला शिकवायचं तर रडणी हवीत, पुष्कळ हवीत. तिने जुना फोन पाळण्याजवळच्या फळीवर ठेवला. मुंगी रडली की ताईने बटण दाबायचं, मग कारणाचं बटण दाबायचं. वार, वेळ सगळं आपोआप नोंदलं जाई. शिवाय फ्रिजवर तक्ता.

"दिवसाला सहा तरी हवीत हं ताई."

"सहा? पोरीला चिमटे काढू की काय?"

"ताई!"

"अगं, गंमत केली. देते तुला सहा. सात हवीत तर सात घे."

तीन महिन्यांत दोनशे चाळीस रडणी जमली. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. रोज सहा. धाकटीला तेव्हा ताईचा अभिमान वाटला होता. किती नेटकेपणाने करते, नाहीतर आपल्या वर्गातली पोरं.

तिच्या मार्गदर्शक सरांना वर्गात शंकासूर म्हणत. शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये तिने त्यांना निकाल दाखवला. यंत्राने न ऐकलेल्या रडण्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के बरोबर ओळखली होती. सर खूश होतील म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी चष्मा काढला.

"चौऱ्याण्णव?"

"हो सर."

"निकाल वाईट आला की मला शांत झोप लागते," सर म्हणाले. "इतका चांगला आला की उडते. जे प्रश्न पाठ करून घेतले तेच पेपरात आले, तर कोणीही पहिला येतो. सगळी ऐकलीस का तू? स्वतःच्या कानांनी?"

तिने सगळी ऐकली नव्हती. सुरुवातीची तीस-चाळीस ऐकली होती, पुढे नाही. स्वतःच्या लेकीचं रडणं हेडफोन लावून ऐकणं, आणि तेही तिच्यापासून तासभराच्या अंतरावर बसून, तिला जमत नव्हतं. ती फाईल नुसती यंत्रात टाकायची. ताईने नोंदलंय म्हणजे बरोबरच असणार.

"ऐक," सर म्हणाले. "बुधवारी अहवाल द्यायचाय. आजच ऐक."

तिने हेडफोन लावले. त्रेपन्नाव्या फाईलमध्ये मुंगी तीनदा हुंदके देते आणि मग तिला एक बारीक उचकी लागते. धाकटीला गलबलून आलं. एकसष्टाव्या फाईलमध्ये तीन हुंदके, उचकी. अठ्ठ्याहत्तराव्यात तीन हुंदके, उचकी, आणि लांबून, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची टीं टीं. तिने त्रेपन्नावी परत लावली. टीं टीं तिथेही होती, त्याच जागी. दोन्ही फाईलींवर वेगळा महिना होता. कारण मात्र दोन्हींवर एकच लिहिलं होतं: भूक.

मग तिने आवाजांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी उघडली. खऱ्या रडण्याचं चित्र झाडासारखं असतं, खाली जाड बुंधा आणि वर फांद्या. पुढच्या सगळ्या चित्रांचे बुंधे कात्रीने कापल्यासारखे सपाट होते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून आलेला आवाज असा दिसतो. पहिल्याच वर्षी शिकवतात ते. म्हणजे कोणीतरी एका फोनवर जुनं रडणं वाजवलं होतं आणि दुसऱ्या फोनवर ते परत घेतलं होतं. कधी सुरुवात थोडी उशिरा, कधी शेवट थोडा आधी. दोनशे चाळीसमधली खरी एक्केचाळीस निघाली, एक सोडून सगळी पहिल्या महिन्यातली.

ती एक फाईल मात्र वेगळी होती. एकशे सत्तरावी. तिच्यात बुंधा शाबूत होता. मुंगी एकदाच कुरकुरली होती, आणि बटण बंद करायचं राहून गेलं होतं. मागे कितीतरी मुलांचा कलकलाट, कोणीतरी डबा वाजवत होतं. मग एका अनोळखी बाईचा खणखणीत आवाज आला: "बडबडे, चला! मावशी आली न्यायला!"

धाकटीने हेडफोन काढले, परत लावले. पायाखालची वाळू सरकते म्हणतात. तिच्या बाबतीत खुर्चीच सरकल्यासारखी वाटली.

ती घरी पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. ताई दिवाणावर बसून मुंगीचे मोजे काढत होती. मुंगी आईला बघून टाळ्या वाजवत होती.

"लवकर आलीस? चहा टाकू?"

"ताई, बडबडी कोण?"

ताईचा हात मोज्यातच थांबला. "कोण बडबडी?"

"तेच विचारतेय."

ताईने मोजा काढला, त्याची जोडी केली, गोळा केला. इतका वेळ एक मोजा गोळा करायला कोणालाच लागत नाही. मग ती म्हणाली, "दोन गल्ल्या सोडून आहे. चांगलं आहे गं. सॉकेटं सगळी झाकलेली आहेत. मी आधी बघितली."

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून. मला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. दहा ते दोन. पहिले आठ दिवस मी तिच्याबरोबर तिथेच बसले, विचार हवं तर. मग हळूहळू…"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ताई हसली, पण ते हसू नीट उमटलं नाही. "तू काय केलं असतंस? पदवी सोडून पाळण्याची दोरी धरून बसली असतीस. आणि मी? वीस वर्षं कोणाची ना कोणाची वेणी घालतेय मी. मलाही वाटलं, चार तास कोणीतरी मला मॅडम म्हणावं."

"मग तसं सांगायचं होतंस ना ताई. मला रडणी कशाला दिलीस खोटी? ते माझं वर्ष आहे."

"मग काय करू?" ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू रोज सहा मागायचीस. मी फोन घेऊन गेले होते तिथे एकदा. तासभर बसले. ती तिथे रडतच नाही गं! हसते, खेळते, कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसते. घरी असते तेव्हाच कुरकुर. न रडणाऱ्या पोरीची सहा रडणी मी आणू कुठून?"

धाकटीला वाटलं, आतून काहीतरी सपाट कापलं गेलं. तिने मुंगीला उचललं. मुंगीने आईच्या गळ्यातली साखळी चिमटीत धरली.

"मुंगीच्या बाबाला माहितीय?"

ताई मोज्यांचा गोळा पुन्हा उलगडायला लागली.

"ताई, पाळणाघराच्या फॉर्मवर सही कोणाची आहे?"

"त्याचीच," ताई मोज्यांकडे बघत म्हणाली. धाकटीने हात पुढे केला. ताईने पर्समधून घराची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. ठेवताना म्हणाली, "केसाने गळा कापल्यासारखं बघू नकोस माझ्याकडे. तुझ्याच भल्यासाठी होतं."

"माहितीय," धाकटी म्हणाली. "म्हणूनच जास्त लागलं."

नवऱ्याची वाट न बघता ती मुंगीला कडेवर घेऊन दोन गल्ल्या चालत गेली. तळमजल्यावरच्या तीन खोल्या. खिडक्यांना जाळी, सॉकेटांना झाकणं, दाराला उंचावर कडी. तिने सवयीने सगळं मोजलं आणि दोष काढायला एकही जागा सापडली नाही याचाच तिला राग आला. दारातच मुंगी कडेवरून घसरून खाली उतरली आणि एका मोठ्या लाल चेंडूकडे तुरुतुरु गेली. स्वतःच्या घरात गेल्यासारखी.

पाळणाघराच्या बाई ठेंगण्या, कमरेला ॲप्रन. "अगंबाई, तुम्ही आई का? आज सुट्टी मिळाली वाटतं. तुमचं काम फिरतीचं ना? हिच्या मावशी म्हणाल्या, तुम्ही बाहेरगावीच असता बऱ्याचदा."

धाकटी म्हणाली, "हो. असते."

"हिच्यासारखं मूल नाही हो. सारखी बडबड. आणि पावलं टाकली ती त्या भिंतीपासून या चेंडूपर्यंत, आमच्या समोर. बुधवार होता. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला दाखवलंच असेल तिने मग घरी."

घरी मुंगीने पहिलं पाऊल टाकलं होतं रविवारी. धाकटीने त्याचं चित्रण केलं होतं. प्रकल्पाच्या सादरीकरणाची सुरुवातच त्या चित्रणाने होत होती.

नवरा सहाला आला. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. रविवारचं चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत होती. मुंगी सोफा सोडते. एक पाऊल. इथपर्यंत ती नेहमी मुंगीकडेच बघत आली होती. आज तिने चौकटीचा डावा कोपरा मोठा केला. कोपऱ्यात नवरा होता. तो मुंगीकडे बघत नव्हता. तो ताईकडे बघत होता, आणि ताईने ओठांवर बोट ठेवलं होतं. पुढच्या चौकटीत दोघंही डोळे विस्फारून टाळ्या वाजवत होते.

"छान अभिनय केलात," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून बसला. ताईचा फोन त्याला आलेलाच होता. "हे बघ, तू चिडणार हे मला माहीत होतं…"

"चिडले नाहीये मी."

"आम्हाला वाटलं, परीक्षा झाली की शांतपणे सांगू. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. अळीमिळी गुपचिळी, बस. त्यात वाईट हेतू कोणाचा होता का? पोरगी खुशाल आहे, तुझं वर्ष चाललंय, ताईंना काम मिळालं. नुकसान कोणाचं झालं, सांग ना?"

"माझी दोनशे चाळीसपैकी एकशे नव्व्याण्णव खोटी निघाली."

"पण निकाल चौऱ्याण्णव आहे ना? मग दे की. तीनशे पानांत कोण फाईल उघडून उचकी शोधतंय? कुणाला कळतंय?"

लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "माझ्याबाबतीतही हेच म्हणाला असशील. कुणाला कळतंय."

टेबलाखाली बसून मुंगी कसला तरी कण शोधत होती.

शनिवारपासून मंगळवारपर्यंत धाकटीने एकशे नव्व्याण्णव फाईली एकेक करून काढल्या. एकदम निवडून एका बटणात काढता आल्या असत्या. पण तिने प्रत्येक शेवटपर्यंत ऐकली, उचकीपर्यंत, आणि मगच काढली. एक्केचाळीसांवर यंत्र पुन्हा शिकवलं. निकाल आला अठ्ठेचाळीस टक्के. तीन रंगांतला एक डोळे मिटून सांगितला तरी तेहतीस येतात.

बुधवारी शंकासुराने आकडा बघितला. "आज मला झोप लागेल," ते म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून जरा खालच्या आवाजात, "तुला लागतेय का?"

"नाही सर."

"एक प्रकरण वाढव. चूक कुठे झाली, कशी सापडली. सगळं लिही. हातचं राखू नकोस."

तिने लिहिलं. नोंदी घेणारी व्यक्ती, या रकान्यात आधी नुसतं 'कुटुंबातील सदस्य' लिहिलं. ते खोडलं. 'विद्यार्थिनीची मोठी बहीण.' ते तीन शब्द टाईप करायला तिला इतर साऱ्या प्रकरणापेक्षा जास्त वेळ लागला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या. पिकलेले आखूड केस, हातात पेन्सिल. पेन्सिल नेमकी त्याच रकान्यावर थांबली.

"तुमचं हे प्रकरण प्रामाणिक आहे," बाई म्हणाल्या. "पण तीन महिने? रोज बरोब्बर सहा? एकदाही शंका आली नाही? पहिली गोष्ट आम्ही हीच शिकवतो की माहिती आली की आधी तपासायची."

धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. तिला जिन्याची पहिली पायरी आठवली.

"बाकी सगळं तपासत होते मॅडम," ती म्हणाली. "एवढं एकच नव्हते तपासत."

परीक्षक बाईंनी काही लिहिलं नाही. पान उलटलं आणि म्हणाल्या, "चित्रं सुरेख आहेत. निळ्या रंगातली पापणी मिटते ती कल्पना कोणाची?"

"माझी."

उत्तीर्ण झाली ती. बेताच्या गुणांनी, पण झाली. बाहेर येऊन फोन बघितला तर ताईचे तीन फोन येऊन गेले होते आणि एक निरोप होता: "कसं झालं गं? सोमवारी येऊ का? नुसती बसायला." धाकटीने तो दोनदा वाचला. हे 'नुसती' खरं आहे की नाही, हे कळायला तिच्यापाशी आता कुठलंच यंत्र नव्हतं. तिने फोन पर्समध्ये टाकला.

पाळणाघरात आता मुंगीला तीच सोडत होती. फॉर्मवर 'आई' या रकान्यात ताईचा नंबर होता. तो खोडून तिने स्वतःचा लिहिला होता. ती जाळीपाशी उभी राहिली. आत मुंगी लाल चेंडूवर पोट टाकून झुलत होती आणि एका मुलाला काहीतरी ठासून सांगत होती. खरंच बडबडी. धाकटी दहा मिनिटं उभी होती. तेवढ्यात मुंगी एकदाही रडली नाही.

मग मुंगीने मान वळवली. जाळीतून आई दिसली. क्षणभर ती बघत राहिली, खालचा ओठ पुढे आला, आणि तिने असा टाहो फोडला की पाळणाघराच्या बाई आतून धावत आल्या. पर्समधला फोन थरथरला. प्रकल्पाचं ॲप अजून चालू होतं. पडद्यावर निळा रंग पसरला, पापणी हळूच मिटली: झोप.

"नाही गं बाई," धाकटी फोनला म्हणाली, "हे झोपेचं नाही."

तिने दाराची वरची कडी काढली आणि आत जाऊन मुंगीला उचललं. निघताना कडी लावली, ओढून पाहिली, आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली.